नऊ किलोमीटर केबल

(दृश्य : समुद्रकाठी ओळीनं उभ्या चार अणुभट्ट्या. तारीख उमटते – ११ मार्च २०११.)

दुपारी पावणेतीनच्या सुमाराला जपानच्या ईशान्य किनाऱ्यासमोर समुद्राचा तळ हलला. भूकंपाची तीव्रता होती ९. किनाऱ्यावरच्या चालू अणुभट्ट्यांनी अशा वेळी जे करायचं असतं तेच केलं. नियंत्रक दांडे खालून वर सरकले आणि विखंडन, म्हणजे अणू फुटत राहण्याची क्रिया, थांबलं. भट्ट्या बंद झाल्या.

पण चूल विझवली तरी निखारे धगधगत राहतातच. विखंडन थांबल्यावरही इंधनातले किरणोत्सारी अवशेष उष्णता सोडत राहतात. पहिल्या क्षणी ती पूर्ण उष्णतेच्या सहा-सात टक्के असते. आकडा किरकोळ वाटेल, पण अकराशे मेगावॅट वीज देणारी भट्टी उष्णता त्याच्या तिप्पट निर्माण करते, त्यामुळे तो दोनशे मेगावॅटच्या वर जातो. ही उष्णता समुद्रात नेऊन सोडायला पंप लागतात आणि पंपांना वीज लागते. म्हणजे वीज बनवणाऱ्या केंद्रालाच त्या घडीला वीज बाहेरून मिळावी लागते.

फुकुशिमा दाइइची केंद्राला ती मिळाली नाही. दरड कोसळून विजेचा मनोरा आडवा झाला, बाहेरची वीज केंद्रात घेणाऱ्या स्विचयार्डातले ब्रेकर मोडले. डिझेल जनरेटर सुरू झाले खरे, पण तासाभरातच त्सुनामी आली आणि बहुतेक जनरेटर निकामी झाले. पुढचं जगाला माहीत आहे. आपण तिथून दहा-बारा किलोमीटर दक्षिणेला जाऊ, फुकुशिमा दाइनीला.

(दृश्य : चिखल, उलटलेल्या गाड्या, दार उखडलेली पंपांची इमारत.)

दाइनीत बाहेरून येणारी एक वीजवाहिनी शाबूत राहिली होती. नियंत्रण कक्षात दिवे होते, मीटर वाचता येत होते. मात्र समुद्रालगतच्या पंपांच्या इमारतींत पाणी शिरून मोटारी आणि विजेचे पॅनल निकामी झाले होते. चारपैकी तीन भट्ट्यांची उष्णता बाहेर काढायचा मार्गच बंद झाला. वीज आहे, पण हवी तिथं पोचत नाही, अशी गत.

केंद्रप्रमुख होते नाओहिरो मासुदा. बाहेर जाऊन नुकसान पाहणं भाग होतं, पण धक्के थांबत नव्हते, नव्या लाटेची भीती होती. भूकंपातच क्रेनच्या केबिनमध्ये एक कामगार मरण पावला होता. मासुदांनी माणसांना हुकूम सोडला नाही. ते फळ्यापाशी गेले आणि प्रत्येक धक्क्याची वेळ आणि तीव्रता लिहीत गेले. धक्के विरळ होत चाललेत, हे सगळ्यांना आपल्या डोळ्यांनी दिसलं. रात्री दहाच्या सुमाराला माणसं टॉर्च घेऊन बाहेर पडली. मला या सगळ्या हकिकतीत तो फळा सर्वांत मोलाचा वाटतो.

पाहणीनंतर ठरलं ते असं : किरणोत्सारी कचरा हाताळणाऱ्या इमारतीत वीज शिल्लक आहे, तिथून पंपांपर्यंत तात्पुरती केबल ओढायची. अंतर मोठं, आणि ही केबल म्हणजे घरातली वायर नव्हे. दोनशे मीटरच्या एका तुकड्याचं वजन जवळपास टनभर. सुमारे दोनशे माणसं हारीनं उभी राहिली, खांद्यावर केबल घेतली आणि चिखल-ढिगाऱ्यातून पावलापावलानं ओढत नेली. एरवी यंत्रं लावूनही महिनाभर चाललं असतं असं हे काम. मोटारींपैकी काही काशिवाझाकी-कारिवा केंद्रातून आल्या, काही मिए प्रांतातल्या कारखान्यातून लष्कराच्या विमानानं.

मध्येच बेत बदलावा लागला. आधी दोन नंबरच्या भट्टीला वीज द्यायची असं ठरलं होतं, पण एक नंबरच्या भट्टीच्या कवचातला दाब जास्त वेगानं चढतोय असं दिसलं. शिवाय एकाच इमारतीवरून सगळीकडे केबल पुरेना, म्हणून काही जोडणी तीन नंबरच्या शाबूत इमारतीतून घेतली. ओढलेली केबल सोडून दिशा बदलायची, तीही दोन रात्रींच्या जागरणानंतर. १३ मार्चच्या मध्यरात्रीपर्यंत मिळून नऊ किलोमीटर केबल टाकून झाली. एक नंबरची भट्टी थंड करायला सुरुवात झाली, तेव्हा दाबाची मर्यादा गाठायला काही तासच उरले होते. १५ तारखेच्या सकाळी चारही भट्ट्या थंड अवस्थेत आल्या.

या चार भट्ट्यांनी त्यानंतर एक युनिटही वीज दिली नाही. त्या मोडीत काढायचा निर्णय २०१९मध्ये झाला आणि त्या कामाला ४४ वर्षं लागतील असा अंदाज आहे.

(दृश्य : अंधारलेलं रेल्वे स्थानक, मेणबत्तीवर चाललेलं दुकान.)

आता घरांकडे वळू. ईशान्य जपानच्या तोहोकू भागात चाळीस लाखांहून जास्त घरांची वीज गेली होती. तीन दिवसांत सुमारे ८० टक्के घरांना ती परत मिळाली. खांब उभे करणं, तारा ओढणं हे काम जपानी वायरमन वादळांमुळे वर्षानुवर्षं करत आलेत. खरी अडचण वेगळी होती. तारा जोडल्या, पण त्यांतून सोडायला वीज कुठे होती? अणुकेंद्रं बंद, किनाऱ्यावरची औष्णिक केंद्रंही बुडालेली.

टोकियो इलेक्ट्रिक या वीज कंपनीनं १४ मार्चपासून भारनियमन सुरू केलं. भागांचे पाच गट, एका वेळी तीन तास. टोकियोचा मध्यभाग जवळपास वगळलेला. महाराष्ट्रात ज्यांनी भारनियमनाची वर्षं काढली आहेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको. तेव्हाही मुंबई उजळलेली असायची आणि विदर्भ-मराठवाड्यात बारा-बारा तास काळोख.

यात आणखी एक मेख आहे. फुकुशिमाची दोन्ही केंद्रं टोकियो इलेक्ट्रिकची, त्यांची वीज राजधानीच्या परिसराला जायची. फुकुशिमातल्या घरांना वीज पुरवते ती तोहोकू इलेक्ट्रिक. किरणोत्सारामुळे गाव सोडून जावं लागलं ते ज्यांनी त्या केंद्राचा दिवा कधी लावला नव्हता त्यांना. आपल्याकडेही असंच घडलं होतं. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला, जलविद्युत केंद्र बंद पडलं आणि मुंबईचे कारखाने थांबले. घरं कोसळली होती ती कोयनानगरची.

मग पश्चिम जपानकडून वीज का नाही घेतली? कारण १८९०च्या दशकातली खरेदी. टोकियोनं जनित्रं जर्मनीहून आणली, ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनांची वीज देणारी. ओसाकानं अमेरिकेहून, ६० हर्ट्झची. देशाच्या मधोमध दोन वेगळ्या वारंवारता कायम राहिल्या. एका वारंवारतेची वीज दुसऱ्या बाजूला थेट चालत नाही; ती बदलून देणाऱ्या कन्व्हर्टरांमधून २०११मध्ये जेमतेम हजार मेगावॅटच्या आसपास वीज जाऊ शकत होती. तूट होती कित्येक हजार मेगावॅटची. ओसाकात दिवे लखलखत होते आणि टोकियोला ते घेता येत नव्हते.

तो उन्हाळा काटकसरीवर निघाला. बुडालेलं हिरोनोचं औष्णिक केंद्र जुलैपर्यंत पुन्हा उभं केलं. मोठ्या ग्राहकांना पंधरा टक्के कपात कायद्यानंच लावली. मोटार कारखान्यांनी गुरुवार-शुक्रवार सुट्टी घेऊन शनिवार-रविवारी काम केलं. सरकते जिने बंद, कचेऱ्यांतले एसी २८ अंशांवर.

(दृश्य : ओनागावाची समुद्रभिंत, वरून.)

अणुभट्ट्या मात्र सहजी परतल्या नाहीत. भूकंपापूर्वी देशाची सुमारे ३० टक्के वीज त्यांच्याकडून यायची. मे २०१२मध्ये शेवटची चालू भट्टीही थांबली. अपघातानंतरच्या नव्या सुरक्षा नियमांखाली पहिली भट्टी सुरू झाली ती ऑगस्ट २०१५मध्ये, दक्षिणेत सेंदाईला.

भूकंपाच्या केंद्राला सर्वांत जवळचं अणुकेंद्र होतं ओनागावा. पाचपैकी चार वीजवाहिन्या तुटल्या, एक टिकली. समुद्रसपाटीपासून पंधरा मीटरच्या आसपास उंचीवर बांधलेलं असल्यामुळे तेरा मीटरची लाट येऊनही ते वाचलं, आणि बेघर झालेल्या गावकऱ्यांनी त्याच्याच आवारात आसरा घेतला. तरीही तिथली दोन नंबरची भट्टी पुन्हा सुरू व्हायला ऑक्टोबर २०२४ उजाडला. आता तिच्यापुढे समुद्रसपाटीपासून २९ मीटर उंचीची भिंत आहे. शेजारची एक नंबरची भट्टी मोडीत निघतेय.