ऐकू येस, पन समजस नही : श्रवणमार्गातल्या पेशींची प्रतवारी

मंडळी, माझे वडील धरणगावकडच्या एका जिनिंगमध्ये कापूस पारखायला होते. गाडी आली की ढिगात कोपरापर्यंत हात घालून आतला कापूस काढायचे, चिमूटभर रुई दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायचे आणि धाग्याची लांबी सांगायचे. मग रंग बघायचे, मग ओल. लहानपणी मला कोडं पडायचं, की लांबीवरून लावलेले ढीग आणि रंगावरून लावलेले ढीग सारखे का येत नाहीत? पहिल्या वेचणीचा माल पांढरा आणि लांब धाग्याचा, फरदड पिवळट आणि आखूड, इथवर ठीक. पण धागा लांब आणि अवकाळीत भिजून डाग पडलेले, तो कापूस कुठे टाकायचा? वडील म्हणायचे, “बेटा, लेनारा त्याना काय करी, ते पहिले इचार.”

पुढे मी शरीरक्रियाशास्त्र शिकवत आले, आणि कानाकडून मेंदूकडे जाणाऱ्या वाटेवरच्या चेतापेशी हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय झाला. तिथे शंभर वर्षांहून जास्त काळ हेच चाललं आहे. ढीग लावायचे, मोडायचे, पुन्हा लावायचे.

आधी वाट बघू. आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखी वळलेली कॉक्लिया असते. तिच्यात आवाज टिपून पुढे कळवणाऱ्या केसपेशी जेमतेम साडेतीन हजार. त्यांच्याकडून सुमारे 30,000 तंतूंची नस निघते आणि मेंदूच्या देठात कॉक्लियर न्यूक्लियस नावाच्या ठिकाणी पोचते. एकही तंतू ते ठिकाण टाळून पुढे जात नाही. शिरल्याबरोबर तंतूला दोन फाटे फुटतात आणि वाटेत तो निरनिराळ्या जातींच्या पेशींना भेटत जातो. भुसावळला गाडीचे डबे कापून एक भाग नागपूरकडे, एक खंडव्याकडे नेता येतो. इथे मात्र प्रत्येक दिशेला अख्खी गाडीच जाते. बातमी सगळ्यांना एकच. कोण त्यातून काय काढून घेतो, यावर त्याची जात ठरते.

पेशी दिसायला लागल्या त्या 1873 मध्ये कॅमिलो गोल्गीने चांदीच्या क्षारांची रीत शोधली तेव्हा. तिचं मोठेपण असं, की शेकडा मोजक्याच पेशी काळ्या होतात, पण ज्या होतात त्या मुळापासून शेंड्यापर्यंत. सगळ्याच रंगल्या असत्या तर काळा गोळा दिसला असता. 1893 मध्ये हान्स हेल्ड यांनी या वाटेवर प्याल्यासारखी प्रचंड टोकं पाहिली, तंतूचं टोक पुढच्या पेशीला ओंजळीसारखं कवेत घेतलेलं. आजही त्यांना हेल्डचंच नाव आहे. नंतर नॉर्वेच्या कर्स्टन ओसेन यांनी 1969 मध्ये मांजराच्या कॉक्लियर न्यूक्लियसचा नकाशा दिला. त्यात गोल पेशी, ऑक्टोपस पेशी, चातीच्या आकाराच्या पेशी कुठल्या भागात राहतात ते नीट मांडलेलं आहे.

तिकडे दुसरी माणसं सूक्ष्म विद्युतकांडी घालून पेशी काय बोलते, म्हणजे विजेचे ठोके कसे देते, ते ऐकत होती. त्यांना आकार दिसत नव्हता. 1966 मध्ये फायफर यांनी थोडा वेळ चालणारा एक सूर ऐकवून प्रतिसादावरून ढीग लावले. काही पेशी नसेच्या तंतूसारख्याच बोलतात. काही कापणीयंत्रासारख्या ठराविक अंतराने ठोके देतात, मग सुराची कंपनं काहीही असोत. काही सुरुवातीला एकदाच बोलतात आणि गप्प होतात. काही एक ठोका देऊन थबकतात आणि पुन्हा सुरू होतात.

आता खरी कसोटी आली. आकार पाहणाऱ्याला बोलणं ठाऊक नाही, बोलणं ऐकणाऱ्याला आकार ठाऊक नाही. दोघांचे ढीग जुळले, तर ती जात निसर्गातच आहे असं धरायला जागा आहे. नाही जुळले, तर ती आपल्या सोयीची.

ऑक्टोपस पेशीवर थोडं थांबते, कारण इथे जुळणी फार सुंदर होते. तिच्या जाड फांद्या एकाच बाजूला पसरतात आणि वेगवेगळ्या उंचीचे सूर आणणाऱ्या कितीतरी तंतूंना आडव्या जातात. प्रत्येक तंतूचा धक्का अगदी किरकोळ. शिवाय तिचं आवरण इतकं गळकं, की आलेला धक्का मिलिसेकंदाच्या पाचव्या भागाच्या आसपास विरून जातो. बुडाला भोकं पडलेली बादली समजा. एकेकाने तांब्या ओतला तर ती कधीच भरणार नाही. चाळीस जणांनी एकाच क्षणी ओतलं, तरच काठावरून सांडेल. म्हणून ती आवाजाच्या आरंभाला बोलते. आपण ‘पाणी’तला ‘प’ म्हणतो, ओठ उघडतात, सगळ्या उंचीचे सूर एकदम सुटतात, आणि तिला नेमकं तेच हवं असतं. आकार कळला की बोलणं का तसं, हे उलगडतं.

झुडपी पेशीचंही (ओसेन यांच्या गोल पेशी याच) तसंच. हेल्डची ओंजळ तिच्याभोवती असते, त्यामुळे आलेला ठोका वेळ न बिघडता पुढे जातो. वेळ इतकी जपायची कशाला? आवाज उजवीकडून आला तर डाव्या कानाला तो जास्तीत जास्त मिलिसेकंदाच्या सहा-सात दशांश भागाने उशिरा पोचतो. एवढ्याशा फरकावरून पुढचं केंद्र दिशा ओळखतं.

पण सगळं इतकं सोपं नाही. सुरुवातीला बोलून गप्प होणाऱ्यांच्या ढिगात ऑक्टोपसखेरीज मोठ्या ताराकृती पेशीही सापडल्या, आणि त्या तर इतरांना दाबणाऱ्या निघाल्या. बोलणं सारखं, काम उलट. वरच्या भागातल्या चातीसारख्या पेशींची आणखी एक अडचण, गुंगीच्या औषधाने त्यांचं बोलणंच बदलतं. ज्या ढिगाचा रंग भुलीवर अवलंबून, त्यावर किती विसंबायचं? मला वाटतं, या प्रश्नाला त्या काळी मिळायला हवं तेवढं महत्त्व मिळालं नाही.

आता तिसरा पारखी आला आहे, जनुकांचा. पेशीचं बोलणं नोंदवून त्याच नळीने तिच्या आतला द्रव ओढून घेतात आणि कोणती जनुकं चालू होती ते वाचतात. 2018 मध्ये उंदरांवर काम करणाऱ्या वेगवेगळ्या गटांना नसेतल्या मुख्य पेशींचे तीन प्रकार सापडले. 1978 मध्ये लिबरमन यांनी मांजराच्या नसेतले तंतू शांततेत किती ठोके देतात, यावरून तीन गट केले होते. दोन्ही तीन बऱ्यापैकी जुळतात.

हे मी एवढं तळमळीने सांगते त्याला कारण आहे. वडील साठीकडे आले तेव्हा म्हणू लागले, “माले ऐकू येस, पन समजस नही.” ओट्यावर आम्ही दोघंच असलो की सगळं नीट. लग्नाच्या मांडवात मात्र ते नुसते हसून मान हलवायचे. एका ठिकाणी तपासणी केली, बंद खोलीत सूर ऐकवले, आणि सांगितलं, कान वयाच्या मानाने उत्तम आहेत. घरी आल्यावर ते फार वेळ बोलले नाहीत.

2009 मध्ये कुजावा आणि लिबरमन यांनी उंदरांना काही तास मोठा आवाज ऐकवला. थोड्या दिवसांत त्यांची ऐकण्याची पातळी पूर्ववत झाली, पण केसपेशी आणि तंतू यांच्यातले बरेच सांधे कायमचे गेलेले होते. पुढे गिनीपिगमध्ये दिसलं, की शांततेत कमी ठोके देणारे तंतू जास्त मार खातात. हे तंतू हलका आवाज टिपायला लागत नाहीत, म्हणून सुरांच्या चाचणीत त्यांची उणीव दिसत नाही. गलबल्यातून बोलणं वेगळं काढायचं असेल, तेव्हा मात्र त्यांचीच गरज पडते असं मानलं जातं. माणसांत हे किती घडतं यावर वाद चालू आहे. वडिलांचं नेमकं काय झालं होतं, ते मी सिद्ध करू शकत नाही. पण तंतूंची ही प्रतवारी झाली नसती, तर त्यांचं वाक्य खरं मानायला शास्त्राकडे जागाच नव्हती.

इथे जिनिंगमध्ये, रेल्वे यार्डात, बॅण्डपथकात उमेदीची वर्षं घालवलेली माणसं बसली आहेत. घरात कुणी असं म्हणालं, तर सुरांच्या तपासणीवर थांबू नका. गोंगाट लावून त्यात वाक्यं ऐकवायची वेगळी चाचणी असते. ती करता येते का, असं ऑडिओलॉजिस्टला विचारा.