काळ्या मातीवरची हिरवळ

[दृश्य: मे महिन्यातली दुपार. रिकाम्या प्लॉटवरची भेगाळलेली काळी माती. एका भेगेत शिरणारं हाताचं बोट.]

२३ मे २०१३. नागपुरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. २९ डिसेंबर २०१८ च्या पहाटे याच शहरात तो ३.५ अंशांवर उतरला. घरापुढचं लॉन ही दोन्ही टोकं उघड्यावर सोसतं. शिवाय जून ते सप्टेंबरात साधारण हजार मिलिमीटर पाऊस अंगावर घेतं. एवढं सगळं सोसणारं गवत पिवळं पडलं की आपण पाइप उचलतो आणि पाणी मारतो. बहुतेक वेळा दुखणं त्या पात्यात नसतं. ते खाली असतं, मातीत.

सीताबर्डीची टेकडी ज्या बेसाल्टची आहे, त्याच खडकाची हजारो वर्षं झीज होऊन इथली काळी माती झाली. तिच्यातली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते आणि सुकली की आकसते. उन्हाळ्यात पडणाऱ्या भेगा म्हणजे हेच आकसणं. गवताची मुळं त्यात तुटतात आणि भेगेतून आत शिरणारी गरम हवा उरलेली मुळं सुकवते. पहिलं पाणी भेगांतून झपकन खाली जातं. मग माती फुगते, भेगा मिटतात आणि त्यानंतरचं पाणी वरच तुंबून राहतं. नागपुरातल्या लॉनची अर्धी गोष्ट या फुगण्या-आकसण्याची आहे.

उरलेली गोष्ट बांधकामाची. नव्या ले-आऊटमध्ये घर उभं राहिलं की विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे, सुकलेला मसाला असा सगळा मलमा अंगणातच पसरतात. त्यावर चार इंच माती टाकतात आणि नर्सरीतून आणलेल्या गवताच्या गाद्या अंथरतात. पहिल्या पावसाळ्यात ते लॉन डोळ्यांत भरतं. पुढच्या उन्हाळ्यात त्याच जागी चट्टे पडतात, कारण मुळांना खाली जायला वाटच नसते. अशा जागी खत टाकत बसू नये. चट्टा उकरावा, मलमा काढावा, निदान नऊ इंच माती आणि कुजलेलं शेणखत भरावं. कष्टाचं काम आहे, पण एकदाच करायचं असतं.

[दृश्य: प्रतापनगरातलं एक जुनं घर. सकाळचे सहा. माळी लांब स्क्रूड्रायव्हर जमिनीत खुपसून पाहतो आहे. शेजारी घरमालकीण.]

“काकू, रोज पाणी टाकता का?”

“रोज. संध्याकाळी पाच मिनिटं. तरी बघा ना दादा, कसं करपलंय.”

“हे पाहा. दोन बोटं ओलं हाय, त्याखाली माती कोरडीच. मुळ्या वरच फिरून राहिल्या. ऊन लागलं का पह्यले त्याच मरते.”

“मग किती टाकू?”

“आठवड्यातून दोनदाच. पण पोटभर.”

माळीदादांचं हे बोलणं मोजून पाहता येतं. एक चौरस मीटर जमिनीवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. पाचशे चौरस फुटांचं लॉन साधारण ४६ चौरस मीटर भरतं. त्याला एका वेळी १५ मिलिमीटर पाणी द्यायचं तर लागतात ६९० लिटर. आपल्या पाइपखाली १५ लिटरची बादली ठेवा. ती मिनिटभरात भरली, तर त्या लॉनला ४६ मिनिटं हवीत. पाच मिनिटांत जे पोचतं ते मिलिमीटर-दीड मिलिमीटर, आणि मे महिन्यात तेवढं तर दुपारपर्यंत उडूनही जातं.

हे पाणी एका दमात देऊ नये. दहा मिनिटं द्यावं, अर्धा तास थांबावं, माती ओलावू द्यावी, मग पुन्हा द्यावं. स्क्रूड्रायव्हर चार-पाच इंच सहज आत गेला की झालं. वेळ पहाटेची. रात्रभर ओली राहिलेली पाती पावसाळी हवेत बुरशीला आमंत्रण देतात, आणि दुपारी दिलेलं पाणी बरंचसं हवेतच जातं.

आता प्रश्न येतो तो नवतप्याचा. २५ मेपासूनचे ते नऊ दिवस. तेव्हाही लॉन हिरवंगार ठेवायचं, तर पाचशे चौरस फुटांना आठवड्याला १४०० लिटरच्या आसपास पाणी लागतं. या शहराचं पाणी मुख्यतः पेंचच्या धरणातून आणि कन्हान नदीतून येतं. २०१९ च्या जुलैत पाऊस लांबला, पेंचचा साठा तळाला गेला आणि नागपूरला दिवसाआड पाणी देण्याची पाळी आली. ते दिवस पाहिलेल्या माणसाने मे महिन्यात हिरव्यागार लॉनचा हट्ट धरू नये, असं मला मनापासून वाटतं.

हा हट्ट सोडला म्हणून गवत मरत नाही. आपल्या लॉनमध्ये बहुतेक ठिकाणी हरळीच असते, तीच दूर्वा. नर्सरीत ‘सिलेक्शन वन’ म्हणून मिळणारं बारीक पात्याचं गवत तिचीच निवडलेली जात. हरळीची खोडं जमिनीवर आणि जमिनीखालीही पसरतात. वरची पाती वाळली तरी खालच्या गाठी जिवंत राहतात. दहा-बारा दिवसांतून एकदा खोल पाणी दिलं की त्या तग धरतात, आणि मृगाचा पहिला पाऊस पडला की आठवड्याभरात कोंब वर येतात. रुंद पात्याच्या कार्पेट गवताला हे जमत नाही. त्यामुळे उघड्या उन्हाच्या अंगणात ते लावणं मला पटत नाही.

[दृश्य: भिंतीला टेकलेला कूलर. टाकीच्या तळाशी पांढरा थर. बाजूला बादली.]

पाणी वाचवायचं म्हणून कूलरची टाकी लॉनवर रिकामी करण्याची सवय घरोघरी आहे. हेतू चांगला, पण एक अडचण आहे. कूलरमधलं पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. बोअरचं जड पाणी असेल तर टाकीच्या तळाशी पांढरा थरच दिसतो. ते पाणी रोज एकाच कोपऱ्यात ओतलं की तिथलं गवत करपतं. आरओच्या नळीतून वाया जाणाऱ्या पाण्याचंही तसंच. कपडे धुतलेल्या पाण्यात सोडियम असतं, त्याने काळी माती आणखी घट्ट होते. हे पाणी अंगण धुवायला वापरा. लॉनला घाला तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी आणि एसीच्या नळीतून थेंब थेंब पडणारं पाणी. एसीच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात.

[दृश्य: जुलै. पिवळसर पात्यांचा जवळून घेतलेला शॉट. शिरा हिरव्या, मधला भाग फिका.]

पाऊस पडतो आहे, ओल भरपूर आहे, तरी गवत पिवळं. लोक युरिया टाकतात. गवत वाढतं, पण पिवळंच वाढतं. पातं हातात घेऊन पाहा. जुनी, खालची पानं आधी पिवळी पडली असतील तर नत्र कमी आहे. कोवळं पान पिवळं आणि त्यावर हिरव्या रेघा असतील तर लोह कमी पडतं आहे. काळ्या मातीत चुनखडी असते, तिच्यामुळे मातीतलं लोह मुळांना घेता येत नाही. सिमेंटचा मलमा त्यात भर घालतो. आपल्या संत्र्याच्या बागांनाही याच मातीत हाच त्रास होतो, आणि तिथल्या शेतकऱ्याला तो झाड पाहूनच कळतो. इलाज स्वस्त आहे. एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारायचा. तीन-चार दिवसांत फरक दिसतो. फरशीवर मात्र थेंब पडू देऊ नका, तांबडे डाग निघत नाहीत.

युरिया खरोखर लागतो तेव्हा चौरस मीटरला दहा ग्रॅम पुरे, म्हणजे पाचशे फुटांना अर्ध्या किलोच्या आत. गवत कोरडं असताना हाताने सारखा फेकायचा आणि लगेच पाणी द्यायचं. मूठ एकाच जागी सांडली की तिथे जळका गोल उमटतो.

कापणीबद्दल मला थोडं आग्रहाने सांगायचं आहे. अनेक घरी माळी महिन्यातून एकदा येतो आणि वाढलेलं गवत मुळापर्यंत खरडून जातो. पानंच गेली तर गवत अन्न कुठून तयार करणार? ते मुळांतला साठा खर्च करतं, मुळं आखूड होतात आणि उघड्या पडलेल्या मातीत तण रुजतं. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापायचं नाही. सहा सेंटीमीटर वाढलं तर चारवर आणायचं. उन्हाळ्यात पाच सेंटीमीटर राहू द्यायचं, म्हणजे पात्याची सावली मातीवर पडते. पावसाळ्यात दर पाच-सहा दिवसांनी मशीन फिरवायला लागते, त्याला इलाज नाही. पातं धारदार हवं. बोथट पात्याने गवत फाटतं आणि टोकं पांढरी दिसतात. कापलेलं बारीक गवत उचलू नका, ते तिथेच कुजून नत्र परत देतं.

[दृश्य: मुसळधार पाऊस. लॉनवर साचलेलं पाणी.]

२३ सप्टेंबर २०२२ ला जामठ्याच्या मैदानावर भारत-ऑस्ट्रेलिया टी-ट्वेंटी सामना होता. आउटफिल्ड ओली असल्यामुळे तो ८-८ षटकांचाच खेळवावा लागला. मोठ्या मैदानाला जी अडचण येते ती घरच्या अंगणाला येणारच. लॉन अंथरतानाच घरापासून बाहेरच्या बाजूला उतार ठेवावा, शंभर फुटांना एक फूट. आता लॉन तयार असेल तर पावसाळ्याआधी लोखंडी काट्याने चार-चार इंचांवर भोकं पाडावीत आणि त्यांत कन्हानची जाड रेती भरावी. मुळांना हवा मिळते, पाणी खाली उतरतं. ओल्या मातीवर मात्र चालायचं नाही. काळी माती ओली असताना दबली की विटेसारखी घट्ट होते.

पहिला पाऊस झाला की संध्याकाळी अंगणातल्या कडुलिंबाकडे लक्ष ठेवा. तांबूस भुंगेरे पानं खायला येतात. त्यांच्या अळ्या म्हणजेच हुमणी, जी ऑगस्ट-सप्टेंबरात गवताची मुळं खाते. मग लॉनचा तुकडा हाताने ओढला तर सतरंजीसारखा उचलला जातो. फांद्या हलवून खाली पडलेले भुंगेरे रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकले, तर पुढचा बराच त्रास वाचतो. शेजारच्या चार घरांनी मिळून केलं तर अधिक चांगलं, कारण भुंगेऱ्यांना कुंपण नसतं.

नागरमोथ्याचं तण दिसलं तर उपटू नका, उपटलं की खालची गाठ तशीच राहते. पाऊस पडून गेल्यावर माती मऊ असताना खुरप्याने गाठीसकट काढा. निंदण नियमित झालं तर औषधाची गरज क्वचितच पडते. आणि झाडाखालच्या गडद सावलीत हरळी वाढतच नाही, तिथे गवताचा नाद सोडून फर्न लावा.

गणपतीच्या दिवसांत दूर्वा खुडायला मुलं अंगणात येतात. त्यांना खुडू द्या. मात्र त्याआधीचे पंधरा दिवस लॉनवर कुठलंही कीटकनाशक मारलेलं नको.

[दृश्य: जानेवारी. फिकट, तपकिरी लॉन. धुक्यातली सकाळ.]

डिसेंबर-जानेवारीत हरळी झोपते. तिचा रंग जातो आणि त्यात आजार काही नाही. या दिवसांत युरिया टाकला तर तो वाया जातो, पाणीही पंधरवड्यातून एकदा पुरतं. वाढ थांबलेली असते तेवढ्यात मशीनच्या पात्याला धार लावून घ्यावी. फेब्रुवारीच्या मध्याला थंडी ओसरली की वाळलेली पाती एकदा खाली, दोन सेंटीमीटरपर्यंत कापावीत आणि केराच्या झाडूने ओढून काढावीत. वर्षात एवढी खोल कापणी याच वेळी चालते. मग चाळलेलं शेणखत आणि रेती निम्मी-निम्मी मिसळून अर्ध्या इंचापेक्षा पातळ थर द्यावा, आणि पात्यांची टोकं वर दिसतील असा हाताने पसरावा. होळीच्या सुमारास नवे कोंब वर आले की मगच युरियाची पहिली मात्रा द्यावी, तीही अर्धी. एप्रिलच्या उन्हाआधी मुळं खोल गेलेली हवीत, आणि जास्त नत्राने फक्त पाती वाढतात.