शूबिल बघायला बांगवेउलूला जायचंय? मग आधी पाण्याचं गणित समजून घ्या

नमस्कार मंडळी! आफ्रिकेत जाऊन शूबिल, म्हणजे तो बुटासारख्या चोचीचा मोठा पक्षी, बघायचाय, कुठल्या महिन्यात जाऊ, हे मला एवढ्या लोकांनी विचारलंय की म्हटलं एकदाच सविस्तर सांगून टाकू. वेळ कमी असेल तर सरळ युगांडाला जा, एन्टेबेजवळ माबाम्बाची दलदल आहे, सकाळी होडीत बसा, नशीब असेल तर दुपारी जेवायला हॉटेलवर. त्यात काही वाईट नाही. पण मला स्वतःला विचाराल तर झांबियातलं बांगवेउलू, कारण तिथे नुसता एक पक्षी टिकमार्क करून परत येत नाही आपण, अख्खी दलदल कशी जगते ते बघून येतो.

[स्क्रीनवर झांबियाचा नकाशा]

हे बघा, लुसाका इथे खाली, आणि आपल्याला जायचंय इथे वर, ईशान्येला. ग्रेट नॉर्थ रोडने सेरेंजेपर्यंत डांबरी रस्ता, तिथून थोडं पुढे गेलं की डावीकडे वळायचं, कसांका नॅशनल पार्कच्या बाजूने, आणि मग जो कच्चा रस्ता सुरू होतो तो संपतच नाही. एका दिवसात पोचू असं कोणी म्हणालं तर ऐकू नका, मध्ये एक मुक्काम धराच. गाडी फोर बाय फोर पाहिजे, डिझेल भरून घ्यायचं, आणि क्वाचा, म्हणजे तिथली करन्सी, रोख जवळ ठेवायची कारण पुढे कार्ड वगैरे विसरा.

आता पाणी. चांबेशी नदी येऊन या सपाट खोऱ्यात पसरते आणि लुआपुला होऊन बाहेर पडते, ते पाणी शेवटी काँगो नदीत जातं. पाऊस नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल. पण गंमत अशी की पाऊस थांबला म्हणजे पाणी उतरलं असं नाही, जमीन इतकी सपाट आहे की पाणी निवांत पसरत राहतं, आणि मग हळूहळू मागे सरकायला लागतं, थोडंथोडकं नाही, कित्येक किलोमीटर. म्हणजे जिथे मे महिन्यात होडी चालते तिथे सप्टेंबरमध्ये जीप जाते. सगळे प्राणी-पक्षी या पाण्याच्या कडेबरोबर पुढेमागे होतात, म्हणून "बेस्ट महिना कुठला" हा प्रश्न इथे खरं तर "त्या महिन्यात पाण्याची कड कुठे असेल" असा विचारायला हवा.

शूबिलसाठी मे ते जुलै धरा. पाणी उतरायला लागलेलं असतं, रस्ते उघडलेले असतात आणि पक्षी अजून आवाक्यात असतो. नंतर तो आत आत जातो, त्याला मासा पाहिजे ना. मग तुम्हालाही आत चालत जावं लागतं, आणि ते चालणं म्हणजे जमिनीवर नाही बरं का, पपायरसच्या आणि गवताच्या तरंगत्या थरावर, पाय टाकला की अख्खा थर दबतो, पाणी घोट्याच्या वर येतं, बाजूचं गवत हलतं. गाइड जिथे पाय ठेवतो तिथेच आपला पाय ठेवायचा, स्वतःची अक्कल लावायला गेलात की मांडीपर्यंत आत. कॅमेरा ड्रायबॅगमध्ये.

आणि मग तो दिसतो. चार-साडेचार फूट उंच, राखाडी, आणि ती चोच! तासन् तास हलत नाही, कॅटफिश किंवा लंगफिश श्वास घ्यायला वर आला की अख्खं शरीर झोकून देतो त्याच्यावर. उन्हात गार राहायला स्वतःच्याच पायांवर विष्ठा सोडतो, हे फोटोत कोणी दाखवत नाही. पूर्वी याला करकोच्यांमध्ये धरायचे, आता तो पेलिकनच्या जास्त जवळचा मानतात.

आता महत्त्वाचं. शूबिल साधारण दोन अंडी घालतो पण बहुतेक वेळा एकच पिल्लू जगतं, मोठं धाकट्याला जगू देत नाही. त्यात पिल्लं चोरून परदेशात विकायचा धंदा. म्हणून २०१२ पासून तिथल्या कोळ्यांनाच घरट्यांच्या राखणीला पगारावर ठेवलंय, पिल्लू उडेपर्यंत ते पहारा देतात. मला ही आयडिया फार पटते, कारण घरटं कुठे आहे हे सगळ्यात आधी त्यांनाच कळतं. आपण पार्क पार्क म्हणतो पण हे नॅशनल पार्क नाहीच, जमीन गावांची आहे, हजारो लोक इथे राहतात, मासेमारी करतात, आणि २००८ पासून आफ्रिकन पार्क्स ही संस्था गावं आणि सरकार यांच्यासोबत मिळून ते सांभाळते. त्यामुळे गाइडला "अजून जवळ घे, फोटो नीट येत नाहीये" असा तगादा लावू नका. पक्षी घरटं सोडून गेला तर राखणदाराचं काम पाण्यात.

शूबिल नाही दिसला तरी ट्रिप फुकट जात नाही, मनापासून सांगतो. ब्लॅक लेचवे नावाचं हरीण जगात फक्त इथेच आहे, हजारोंनी, वयात आलेले नर काळपट, आणि कळप उथळ पाण्यातून पळाला की जो छपाछप आवाज येतो तो व्हिडिओत मला नीट पकडताच येत नाही. शिवाय वॅटल्ड क्रेन, पेलिकन, सिटाटुंगा म्हणजे दलदलीतलं हरीण, आणि पक्ष्यांच्या ४०० हून जास्त जाती.

वाटेत चितांबोला थांबा. डेव्हिड लिव्हिंग्स्टन, आफ्रिकेत फिरलेला स्कॉटिश मिशनरी-प्रवासी, याच दलदलीतून आजारी अवस्थेत फिरत १८७३ मध्ये तिथे वारला, त्याचं हृदय तिथेच झाडाखाली पुरलं आणि झाडावर नाव कोरलं त्याच्या सोबतच्या जेकब वेनराइटने. हा जेकब शिकलेला कुठे, तर आपल्या नाशिकला, शरणपूरच्या मिशन शाळेत! गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथे शिकायला ठेवायचे. नाशिककरांनी तरी हे बघायलाच पाहिजे राव.

जेवणाचं काय? न्शिमा, मक्याच्या पिठाची घट्ट उकड समजा, रोज. शाकाहारी असाल तर इफिसाशी मागा, शेंगदाण्याच्या कुटात शिजवलेली पालेभाजी, आपल्या जिभेला लगेच जमते. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून निघायच्या आधी सुरू करा, आणि साचलेल्या पाण्यातून बिलहार्झिया, म्हणजे कृमींचा आजार, होऊ शकतो, तेव्हा गाइड म्हणेल तेवढंच पाण्यात उतरायचं, पोहायला वगैरे नाही.

आणि हो, कसांकाची वटवाघळं, त्याबद्दल पण विचारतात. एक कोटीच्या आसपास फळं खाणारी वटवाघळं एका छोट्या जंगलात उतरतात, पण ती ऑक्टोबरअखेर ते डिसेंबर, म्हणजे शूबिलचा चांगला सीझन कधीच उलटून गेलेला. दोन्ही एका ट्रिपमध्ये बसवणारं पॅकेज कोणी विकत असेल तर तारखा नीट बघा. एकच निवडायचं झालं तर मी जूनचं तिकीट काढेन.