शर्ट पाठीला चिकटतो तेव्हा

नमस्कार मंडळी. आजचा विषय असा आहे की घरात कोणी तो काढत नाही. पाठीवरचे, छातीवरचे, खांद्यावरचे फोड. चेहऱ्यावरच्या पिंपल्सबद्दल सगळे बोलतात, शेजारच्या काकू पण येऊन सल्ला देतात, पण शर्टाच्या आत काय चाललंय ते फक्त त्या मुलाला किंवा मुलीलाच माहिती असतं. आणि मी उन्हाळ्यातल्या बारीक पुटकुळ्यांबद्दल बोलत नाहीये हां. वाटाण्याएवढ्या, खोल, ठणकणाऱ्या गाठी, रात्री उताणं झोपता येत नाही, फुटल्या की पू आणि रक्त, आणि मग खड्डा नाहीतर डाग. हे 18-20 वर्षांच्या पोरांना होतं आणि ती पोरं कोणाला म्हणजे कोणाला सांगत नाहीत. मी पण नव्हतं सांगितलं.

कारण पटकन सांगतो. कातडीखाली तेल बनवणाऱ्या ग्रंथी असतात, चेहरा, छाती आणि पाठीवर जास्त. वयात येताना हार्मोन्समुळं तेल वाढतं, केसाच्या छिद्राच्या तोंडाशी मेलेल्या कातडीचा बूच बसतो, आत जंतू वाढतात आणि सगळं आतल्या आत सुजून फुटतं. आतल्या आत, हे लक्षात ठेवा, म्हणजे वरून घासून ते जाणार नाही. तुम्ही अस्वच्छ आहात म्हणून झालेलं नाही ते. परत सांगतो, अस्वच्छ आहात म्हणून झालेलं नाही, आणि घासू नका.

मी घासायचो. मुंबईत हॉस्टेलला होतो, 20 वर्षांचा, नायलॉनची घासणी घेऊन पाठ सोलून निघेपर्यंत घासायचो, दिवसातून दोनदा. कडुनिंब, हळद, मुलतानी माती, ते सगळं तुमच्या घरी पण झालेलं असेल, मी सांगत बसत नाही. मग एका मेडिकलवाल्यानं एक ट्यूब दिली, चार दिवसांत लाली बसली, मी खूश, आणि दोन महिन्यांत दुप्पट फोड आले. त्यात स्टेरॉईड होतं हे मला फार नंतर कळलं. 2018 साली सरकारनं असली स्टेरॉईडची मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली, तरी आजही मागितली की मिळतात, आणि ह्याचा मला खरंच राग येतो.

तर त्या वर्षी गणपतीला गावी निघालो. कोकणकन्येला उभ्यानं गर्दी, पाठीवर जड सॅक, घाम, आणि सॅकचे पट्टे बरोबर त्या गाठींवर घासतायत. घर संगमेश्वरच्या पुढं, आतल्या वाडीत. पोचलो तर बाबांचा पाय प्लास्टरमध्ये, आणि आईनं दारातच सांगितलं, उद्या पूजेला तू बसायचंयस.

आता तुम्हाला माहितीय पूजेला बसायचं म्हणजे काय. सोवळं नेसायचं, वरचं अंग उघडं, खांद्यावर उपरणं. आणि मागं सगळं घर बसलेलं, काका, काकू, चुलत बहिणी, त्यांची सासरची माणसं, आख्खी वाडी. सगळ्यांचं तोंड माझ्या पाठीकडं.

मी नाही म्हणालो. अंगात कणकण आहे म्हणालो, मग मंत्र येत नाहीत म्हणालो, मग चिडलो, आईला नको ते बोललो. आईला वाटलं मुंबईला जाऊन पोरगा बिघडला, देवाधर्माचं काही राहिलं नाही ह्याला. ती चुलीपाशी गप्प बसून नारळ खवत राहिली. (बाकी मोदक तेवढे उकडीचेच आणि गूळ-खोबऱ्याचेच पाहिजेत, हल्ली चॉकलेटचे वगैरे जे करतात ते बाप्पापुढं ठेवूच नयेत असं माझं मत आहे आणि ते बदलणार नाही.) आणि मी माळ्यावर जाऊन पडलो, पालथा, कारण उताणं पडताच येत नव्हतं.

रात्री आत्या वर आली. माझी आत्या शाळेत बाई होती, कमी बोलायची. हातात कंदील, लाईट गेलेले. तिला वाटलं मी झोपलोय. तिनं माझा शर्ट बघितला. दोन फोड प्रवासात फुटलेले, ते सुकून शर्ट पाठीला चिकटलेला, पिवळट डाग आणि मध्ये काळपट रक्त. मी हलायच्या आत तिनं तो एका बोटानं जरा ओढून बघितला आणि मी ओरडलो.

ती काही बोलली नाही, खाली गेली. मला वाटलं आता आईला सांगणार, मग काकूला, मग सगळ्यांना. पाच मिनिटांनी आली ती तांब्यात कोमट पाणी आणि जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा घेऊन. शर्टावरूनच पाणी सोडत राहिली, थोडं थोडं, जिथं चिकटलंय तिथं फडकं भिजवून ठेवायची, थांबायची, परत पाणी. अर्धा तास तरी लागला असेल. शर्ट सुटला तेव्हा ओढल्याचं कळलंसुद्धा नाही. मग एवढंच विचारलं, "किती दिवस झाले रे?" मी म्हणालो, दीड वर्ष. "आणि एकट्यानं?" मला रडू फुटलं ते थांबेना. मुलग्यांना रडू देत नाहीत आपल्याकडं, ते फार वाईट आहे, पण तो वेगळा विषय झाला.

ती म्हणाली, "उद्या तू बस. मी आहे मागं."

सकाळी मी बसलो. तिनं उपरणं घडी मोडून पूर्ण पाठभर पांघरलं. पण पूजेला वाकावं लागतं ना, पत्री वाहायला, 21 दुर्वांची जुडी ठेवायला, आणि वाकलं की उपरणं सरकतं. ते सरकलं. माझे कान गरम झाले, गुरुजी पुढं मंत्र म्हणतायत आणि मला एक अक्षर ऐकू येत नाही. आणि मागून एक हात आला आणि त्यानं उपरणं वर घेतलं. आत्या बरोबर माझ्या मागं पाटाला गुडघा लावून बसली होती, सगळ्यांच्या पुढं. तीन वेळा सरकलं, तिन्ही वेळा तिनं सावरलं. आरतीला उठेपर्यंत ती तिथून हलली नाही.

गौरी गेल्या आणि दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन एसटीनं रत्नागिरीला गेली, स्किनच्या डॉक्टरांकडं.

आता उपचार. वेळ कमी उरलाय, मुद्द्याचं तेवढं सांगतो. हे बरं होतं. परत सांगतो, हे बरं होतं, पण 8 ते 12 आठवडे जायला लागतात, चार दिवसांत जादू झाली तर उलट शंका घ्या. पाठीसाठी बऱ्याचदा बेन्झॉईल पेरॉक्साईडचा वॉश देतात, लावायचा, दोन-चार मिनिटं ठेवायचा, धुवायचा. त्यानं टॉवेल आणि रंगीत कपड्यांवर पांढरे डाग पडतात, म्हणून पांढराच टॉवेल, पांढराच बनियन. रात्री अडॅपलीनचं जेल. काही महिने डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या, त्या ग्लासभर पाण्याबरोबर घ्या आणि लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते, आणि उन्हात कातडी लवकर भाजते. ती गोळी स्वतःच्या मनानं वर्षभर चालू ठेवायची नाही.

माझ्यासारखं खोल आणि डाग पाडणारं असेल तर आयसोट्रेटिनॉईन. 1982 पासून वापरात आहे. मी सहा-सात महिने घेतलं, ओठ इतके फुटायचे की खिशात तुपाची डबी ठेवायचो. जेवणानंतर घ्यायचं, मधून रक्त तपासायचं, मन फार उदास व्हायला लागलं तर डॉक्टरांना लगेच सांगायचं. आणि मुलींनो, हे नीट ऐका, ह्या गोळीनं पोटातल्या बाळात गंभीर व्यंग येतं, त्यामुळं गोळी चालू असताना आणि बंद केल्यावर एक महिना गर्भ राहता कामा नये. चालू असताना आणि नंतरचा एक महिना रक्तदानही करायचं नाही, मुलांनी पण नाही. मैत्रिणीची उरलेली पाकिटं तर अजिबात घ्यायची नाहीत.

पाळी अनियमित आणि हनुवटीवर केस असतील तर पीसीओएस, म्हणजे हार्मोन्स बिघडल्यामुळं होणारा अंडाशयाचा त्रास, आहे का तेही विचारा. एकसारखे बारीक, खूप खाजणारे दाणे असतील तर ते बुरशीचं असू शकतं, त्याला औषध वेगळं. जिममध्ये कोणी बॉडी बनवायचं इंजेक्शन देत असेल आणि पाठ भरून आली असेल तर डॉक्टरांना खरं सांगा. आणि फोडांबरोबर ताप आला, सांधे धरले, तर वाट बघायची नाही, त्याच दिवशी जायचं.

केसांचं तेल पाठीवर ओघळू देऊ नका. घाम आला की कपडे बदला, सुती घाला. (शाळा-कॉलेजांनी ते टेरिकॉटचे युनिफॉर्म बंद करावेत, आपल्या हवेत कोण घालतं असलं कापड.) फोडायचे नाहीत, छाती आणि खांद्यावर फोडलेल्या जागी जाड, उंच वण येतात, ते फोडापेक्षा हट्टी असतात.

खाजगीत फी परवडत नसेल तर सिव्हिल हॉस्पिटलला स्किनची ओपीडी असते, तिथं जा.

आणि एक, हे मी पोरांना नेहमी सांगतो. डॉक्टरांकडं जाऊन फक्त चेहरा दाखवून परत येतात, मी स्वतः पहिल्या दिवशी तेच करणार होतो, आत्यानं खुर्चीतून सांगितलं, "शर्ट काढ." गालावरच्या दोन पिंपल्सचं औषध घेऊन येऊ नका. शर्ट काढा. पाठ, छाती, खांदे, सगळं दाखवा.