पेशी लांबते, पण दुभंगत नाही

ई. कोलाय या जिवाणूच्या कल्चरची ओडी (गढूळपणाचं माप) 0.6 आली, हवं ते प्रथिन बनवायला लावणारं आयपीटीजी हे रसायन घातलं, दोन-तीन तासांनी पुन्हा ओडी घेतली, ती बऱ्यापैकी वाढलेली. वहीत नोंद होते, 'वाढ ठीक'. तेच कल्चर पातळ करून प्लेटवर पसरलं तर पुष्कळदा वसाहती आधीएवढ्याच उगवतात, नाहीतर कमी. दोन्ही आकडे बरोबर असतात. ओडी म्हणजे विखुरलेला प्रकाश. त्यावरून साधारण जैवभार कळतो, डोकी मोजली जात नाहीत. 2 मायक्रॉनच्या वीस पेशी आणि 40 मायक्रॉनची एकच पेशी यांतला फरक स्पेक्ट्रोफोटोमीटरला फारसा कळत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली तो लगेच कळतो, काच शेवयांनी भरलेली दिसते.

या लांबलेल्या पेशींना सरसकट 'प्रोटीन टॉक्सिक आहे' असं लेबल लावायची सवय आहे. माझ्या मते ही सवय वाईट. पेशी न दुभंगण्यामागे निदान तीन-चार वेगळी कारणं असू शकतात आणि प्रत्येकाचा उपाय निराळा.

पहिलं कारण सरळ आहे, जास्त बनवलेलं प्रथिन विभाजनाच्याच यंत्रणेतलं असणं. पेशीच्या मध्यभागी एफटीएसझेड या प्रथिनाचं कडं तयार होतं. एफटीएसए त्याला पटलाशी बांधून ठेवतं आणि मग बाकीची प्रथिनं येऊन आडवी भिंत बांधतात. वॉर्ड आणि लुटकेनहाउस यांनी 1985 मध्ये एफटीएसझेडचं प्रमाण वाढवून पाहिलं. दोन ते सातपट वाढलं की पेशी जास्तीची विभाजनं करते, तीही टोकाशी, आणि गुणसूत्र नसलेल्या चिमुकल्या लघुपेशी सुटतात. त्यापलीकडे गेलं की विभाजनच थांबतं. म्हणजे एकच प्रथिन थोडं जास्त झालं तर एक परिणाम, फार जास्त झालं तर उलटा. एफटीएसएचं वेगळंच. ते एकटं वाढलं की पेशी लांबतात, पण सोबत एफटीएसझेडही वाढवलं तर विभाजन पुन्हा सुरू होतं. हे 1992 मध्ये दाखवलं गेलं. दोघांच्या नुसत्या प्रमाणाला अर्थ नाही, एकमेकांशी गुणोत्तर जुळावं लागतं.

मिन प्रथिनांतही असाच तोल आहे. मिनसी आणि मिनडी मिळून एफटीएसझेडला टोकांशी कडं करू देत नाहीत, आणि मिनई त्यांना पेशीच्या एका टोकाकडून दुसरीकडे हलवत ठेवतं. मिनसी-मिनडी वाढले की शेवया, मिनई वाढलं की लघुपेशी. एफटीएसझेडला जीएफपी हे चमकणारं प्रथिन जोडून ते प्लास्मिडवरून (पेशीत घातलेल्या डीएनएच्या छोट्या वर्तुळाकार तुकड्यावरून) व्यक्त करणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. चमकणारी सर्पिलं दिसली म्हणून ती पेशीत एरवीही असतात असं नाही. अतिरेकामुळेही ती तयार होतात.

दुसरं कारण जास्त फसवं. प्रथिनाचा विभाजनाशी काडीचा संबंध नसतो, तरी पेशी मोठी होते. टी7 प्रमोटरवरून (जनुक जोरात चालू करणाऱ्या डीएनएच्या तुकड्यावरून) चाललेलं उत्पादन रायबोसोम, म्हणजे प्रथिनं बनवणारी यंत्रं, मोठ्या प्रमाणावर अडवून ठेवतं. एकूण प्रथिनांतला निरुपयोगी वाटा जसा वाढतो, तसा वाढीचा वेग जवळजवळ सरळ रेषेत उतरतो. 1958 पासून माहीत असलेला नियम सांगतो की माध्यमात पोषण कमी असल्यामुळे वाढ मंदावली तर पेशी लहान होते. इथे वाढ मंदावते आणि पेशी फुगते. विभाजनासाठी एफटीएसझेडसारख्या प्रथिनांचा ठरावीक साठा जमावा लागतो, आणि त्यांचा वाटा कमी झाला की तो जमायला वेळ लागतो, असं एक पटणारं स्पष्टीकरण आहे.

पटलातली प्रथिनं बनवताना अडचण आणखी वेगळी. ती सेकवायईजी या वाटेने पटलात शिरतात, आणि एफटीएसक्यू, एफटीएसएल, एफटीएसआय, एफटीएसएन यांनाही तीच वाट लागते. आपलं प्रथिन वाट तुंबवतं आणि विभाजनाची प्रथिनं बाहेर ताटकळत राहतात. सी41 आणि सी43 हे 1996 मध्ये निवडलेले वाण इथे कामी येतात, कारण त्यांच्यात टी7 प्रमोटर चालवणारं टी7 आरएनए पॉलिमरेज हे एन्झाइम मुळातच कमी बनतं.

तिसरं कारण वाणातच दडलेलं असतं. बीएल21 या वाणात लॉन प्रोटिएज हे प्रथिनं मोडणारं एन्झाइम नाही, म्हणून आपलं प्रथिन टिकतं आणि म्हणून आपण तो वापरतो. पण डीएनएला इजा झाल्यावर एसओएस प्रतिसादात तयार होणारं सलए हे प्रथिनही लॉनच मोडतं. सलए एफटीएसझेडला धरून ठेवतं, आणि लॉन नसल्यामुळे इजा दुरुस्त झाली तरी पेशी लांबतच राहते. एव्हलिन विटकिन यांनी 1940 च्या दशकात बी वाणातून (बीएल21 याच कुळातला) अतिनील किरणांना तग धरणारा बी/आर वेगळा काढला होता. त्याचं तग धरणं सलए निकामी असण्यामुळे होतं हे पुढे कळलं. बाजारात मिळणाऱ्या बीएल21 च्या काही वाणांत सलए आधीच बिघडवलेलं असतं, जनुकप्रकार वाचून घ्या.

आता निदान. नमुना 1 ते 1.5 टक्के अॅगारोजच्या थरावर ठेवा, 100एक्स फेज कॉन्ट्रास्टखाली पाहा आणि डॅपीने डीएनए रंगवा. लांब पेशीत डीएनएचे गोळे सारख्या अंतरावर दिसले तर गुणसूत्रं वेगळी झाली आहेत, अडलंय ते फक्त विभाजन. मध्ये एकच गोळा आणि दोन्ही बाजू रिकाम्या असतील तर संशय डीएनएकडे वळवा. टोकाशी चकचकीत ठिपके म्हणजे बहुधा समावेशी गोळे, म्हणजे नीट न घडलेल्या प्रथिनाचे गठ्ठे. त्यांच्यामुळेच पेशी लांबली असं लगेच धरू नका.

कंट्रोल म्हणून रिकामं प्लास्मिड पुरेसं नाही. तेवढ्याच प्रमाणात एखादं निरुपद्रवी प्रथिन बनवणारं प्लास्मिडही त्याच आयपीटीजीवर चालवा. दोन्हीकडे पेशी सारख्याच लांबल्या तर दोष उत्पादनाच्या ओझ्याचा. मग आयपीटीजी 1 मिलिमोलरवरून 0.1 किंवा त्याखाली आणा, तापमान 18 ते 25 अंशांवर ठेवा, रात्रभराच्या कल्चरमध्ये 1 टक्का ग्लुकोज घाला. फक्त तुमच्याच प्रथिनाने लांबल्या तर दुसऱ्या प्लास्मिडवरून एफटीएसझेड किंचित वाढवून बघा. सलए किंवा मिनसी-मिनडीने घातलेला अडसर त्याने सुटतो. तुमच्या पेशीही दुभंगू लागल्या तर अडथळा कड्यापाशीच आहे, असं धरून पुढचे प्रयोग आखता येतात. मात्र वेस्टर्न ब्लॉट या प्रथिन ओळखणाऱ्या चाचणीत एफटीएसझेडची पट्टी तपासून मगच बोला, कारण त्याचा स्वतःचा अतिरेकही अशाच शेवया करतो.