होलोग्राम: प्रकाशाची संपूर्ण नोंद

श्रोतेहो, नमस्कार. एखाद्या दिवंगत गायकाची आकृती रंगमंचावर अवतरली, की ‘हा होलोग्राम आहे’ असे सर्रास सांगितले जाते. बहुतेक वेळा ते खरे नसते. तिरप्या लावलेल्या पारदर्शक पडद्यावर पडलेले ते सपाट प्रतिबिंब असते, आणि तिरप्या काचेची हीच युक्ती वापरून जॉन हेन्री पेपर यांनी १८६२ साली लंडनच्या प्रेक्षकांना भूत दाखवले होते. होलोग्राम ही याहून कितीतरी सखोल कल्पना आहे आणि ती लोकांना नीट ठाऊक व्हावी, असे मला मनापासून वाटते.

मूळचे हंगेरीचे डेनिस गाबोर यांनी १९४७ मध्ये इंग्लंडमध्ये ही कल्पना मांडली, तेव्हा त्यांना खरे तर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची प्रतिमा सुधारायची होती. साध्या छायाचित्रात प्रकाश कुठे किती पडला एवढेच टिपले जाते. प्रकाशलहर तिथे पोहोचली तेव्हा ती शिखरावर होती की गर्तेत, ही माहिती हरवते, आणि वस्तूची खोली तर याच माहितीत दडलेली असते. दोन्हींची नोंद करणाऱ्या चित्राला गाबोर यांनी ‘संपूर्ण’ या अर्थाच्या ‘होलोस’ या ग्रीक शब्दावरून नाव दिले. त्यासाठी लागणारा शिस्तबद्ध, म्हणजे ज्याच्या लहरी एका तालात चालतात असा प्रकाश १९६० मध्ये लेसरमुळे हाती आला; त्यानंतर अमेरिकेत एमेट लीथ व ज्युरिस उपात्निएक्स यांनी आणि सोव्हिएत संघात युरी डेनिस्युक यांनी स्वतंत्रपणे हे तंत्र प्रत्यक्षात आणले. गाबोर यांना १९७१ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

लेसरचा झोत दोन भागांत विभागतात. एक भाग वस्तूवरून परावर्तित होऊन प्रकाश टिपणाऱ्या छायाचित्रणाच्या प्लेटवर येतो, दुसरा थेट येतो, आणि दोन्हींच्या लहरी एकमेकींत मिसळून प्लेटवर अतिसूक्ष्म पट्ट्यांची जाळी उमटते. या पट्ट्या इतक्या दाट असतात की चित्रण चालू असताना वस्तू केसाच्या जाडीच्या शतांशाइतकी हलली, तरी सारे श्रम वाया जातात.

तयार झालेली प्लेट साध्या उजेडात धरली, तर तिच्यात ओळखू येईल असे काहीच दिसत नाही. मूळ कोनातून लेसरचा प्रकाश टाकला, की प्लेटच्या पलीकडे ती वस्तू जणू खिडकीतून पाहावी तशी दिसू लागते. डोके बाजूला नेले तर पुढच्या वस्तूमागे लपलेली वस्तू नजरेस पडते. चित्रणाच्या वेळी मांडणीत भिंग ठेवलेले असेल, तर होलोग्राममधले ते भिंगही आपले काम करते आणि आपण जागा बदलू तसा त्याच्यामागचा वेगवेगळा भाग मोठा करून दाखवते. प्लेट फुटली तरी तिच्या प्रत्येक तुकड्यातून अख्खी वस्तू पाहता येते, कारण वस्तूच्या प्रत्येक बिंदूवरचा प्रकाश प्लेटभर पसरलेला असतो. फक्त पाहण्याचा कोन आक्रसतो आणि बारकावे पुसट होतात. मला या साऱ्या विषयात याहून विलक्षण काही वाटत नाही.

बँकेच्या कार्डांवर १९८३ पासून दिसू लागलेले चमकते चित्र याच कुळातले आहे. स्टीफन बेंटन यांच्या ज्या इंद्रधनुषी पद्धतीमुळे होलोग्राम साध्या उजेडात पाहता येऊ लागले, तिच्यात वर-खालच्या दिशेची खोली जाणूनबुजून सोडून दिलेली असते. त्यामुळे असा होलोग्राम डावीकडे-उजवीकडे कलवला तर खोली जाणवते, वर-खाली कलवला तर केवळ रंग पालटतात.