हमी देणारा कोण, पैसे मोजणारा कोण

नमस्कार श्रोतेहो.

आपल्यापैकी जे पगारदार असतील, त्यांनी पगाराची चिठ्ठी एकदा नीट पाहावी. व्यवसाय कर, २०० रुपये. फेब्रुवारीत ३००. वर्षाचे झाले २,५००. महाराष्ट्रात हा कर १९७५ साली आला तो रोजगार हमीसाठी. पगारदारांनी कर द्यायचा, तेवढीच भर सरकारने घालायची आणि त्या निधीतून मागेल त्याला काम द्यायचे. कल्पना विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांची. १९६५ साली तासगाव तालुक्यातल्या विसापूरला तिचा प्रयोग झाला, १९७२च्या दुष्काळाने तिला राज्यभर नेले, आणि १९७७चा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला.

हे आठवायचे कारण असे, की पागेंनी हमी देतानाच तिचा पैसा कुठून येईल तेही लिहून ठेवले होते. आजच्या भांडणात नेमका हाच मुद्दा मागे पडतो.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मनरेगाच्या, म्हणजे महात्मा गांधींच्या नावाच्या देशव्यापी ग्रामीण रोजगार हमी कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. लोक त्याला ‘जी राम जी’ म्हणतात. सत्ताधारी सांगतात, १०० दिवसांचे १२५ केले. विरोधक म्हणतात, गांधींचे नाव काढले. दोन्ही खरे आहे, आणि दोन्हींत मजुराच्या हाती फार काही पडत नाही. देशात एका कुटुंबाला वर्षाकाठी प्रत्यक्ष मिळणारे काम सरासरी ५० दिवसांच्या आसपासच राहिले आहे. जिथे ५० पार करताना दमछाक होते, तिथे कमाल मर्यादा १०० की १२५, यावर घसा कोरडा करण्यात काय अर्थ?

खरा बदल हिशेबात आहे. जुन्या कायद्यात अकुशल मजुरीचा सगळा खर्च केंद्राचा आणि साहित्याचा तीनचतुर्थांश. मजुरी आणि साहित्य यांचे प्रमाण ६०:४०. म्हणजे १०० रुपयांच्या कामात मजुरीचे ६० केंद्राचे, साहित्याच्या ४० पैकी ३० केंद्राचे. केंद्र ९०, राज्य १०. नव्या कायद्यात बहुतेक राज्यांसाठी केंद्र ६०, राज्य ४०. ईशान्येकडील आणि हिमालयीन राज्यांना ९०:१०. त्यावर आणखी एक कलम आहे. केंद्र प्रत्येक राज्याला आधीच रक्कम ठरवून देणार, आणि त्यापुढचा खर्च पूर्णपणे राज्याचा.

आता दुष्काळाचे वर्ष डोळ्यांपुढे आणा. मजूर वाढतात, मागणी वाढते आणि नेमकी त्याच वर्षी राज्याची तिजोरीही आटलेली असते. पूर्वी निदान कायद्याच्या भाषेत तरी मागणीच्या मागे पैसा जायचा. आता ठरलेल्या पैशाच्या आत मागणी बसवावी लागेल. माझ्या मते विरोधकांचा सगळ्यात वजनदार आक्षेप हा आहे, पण सभांमधून तो सर्वांत कमी ऐकू येतो, कारण त्यावर घोषणा बनत नाही.

सरकारची बाजूही पोकळ नाही. राज्याच्या खिशाला झळ बसत नसेल तर बोगस हजेऱ्या रोखायची घाई राज्याला कशाला, हा प्रश्न रास्त आहे. नव्या कायद्यात पेरणी-काढणीच्या दिवसांत वर्षाला ६० दिवसांपर्यंत कामे बंद ठेवायची मुभाही आहे, त्या काळात शेतीला मजूर मिळत नाहीत म्हणून. शेतकरी म्हणतो, बरे झाले. मजूर म्हणतो, दुसरे काम हाताशी होते म्हणून तर मी मजुरीचा भाव करू शकत होतो.

पैसा राजकारणात अडकतो तोही वेगळ्या वाटेने. पश्चिम बंगालचा निधी केंद्राने मार्च २०२२ पासून थांबवला. केंद्राने गैरव्यवहारांवर बोट ठेवले, तृणमूलने सूडाचा आरोप केला. जून २०२५ मध्ये कोलकाता उच्च न्यायालयाने योजना पुन्हा सुरू करायला सांगितले. तोवर तीन वर्षे उलटली होती, आणि ज्याने खरोखर खणले होते त्याचीही मजुरी त्यातच अडकली.

दुसऱ्या टोकाला रोख रकमेच्या योजना. महाराष्ट्रात जून २०२४ मध्ये लाडकी बहीण जाहीर झाली. २१ ते ६५ वयाच्या, अडीच लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या महिलांना महिना १,५०० रुपये. निवडणूक आली तसा भाव चढला. महायुतीने २,१०० म्हटले, आघाडीने ३,०००. हिशेब सोपा आहे. १,५०० च्या दराने दर एक कोटी महिलांमागे वर्षाला १८,००० कोटी. ३,०००ने दुप्पट. लिलाव पुकारावा तसे आकडे पुकारले गेले. बहिणींना पैसे देऊ नयेत असे मुळीच नाही. त्या दीड हजारात औषधे येतात, मुलांच्या वह्या येतात. पण हा हप्ता शासन निर्णयावर उभा आहे. निकष बदलले, ई-केवायसी अडली, की नाव गळते. रोजगार हमी कायद्यावर उभी होती, तिथे नाही म्हणणाऱ्याला दंड होता.

तो दंड म्हणजे बेकार भत्ता. मनरेगाच्या कायद्यात मागणी केल्यापासून १५ दिवसांत काम मिळाले नाही, तर पहिले ३० दिवस मजुरीचा एकचतुर्थांश, पुढे निम्मा. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्राचा दर ३१२ रुपये होता, म्हणजे दिवसाला ७८ आणि मग १५६. हा भत्ता राज्याने द्यायचा. म्हणूनच गावात मागणी लेखी घ्यायला टाळाटाळ होते. ‘काम निघालं की सांगतो’ म्हणत तोंडी बोळवण होते. अर्जच नाही, तर १५ दिवस मोजायचे कुठून? संगणकावर मागणी शून्य दिसते आणि मंत्री सभागृहात सांगतात, मागणीच नाही. तेव्हा कामाच्या मागणीचा लेखी अर्ज भरा, प्रत्येक मजुराचे नाव आणि कोणत्या तारखेपासून काम हवे ते लिहा, आणि तारखेची, सहीची पोच हातात पडल्याशिवाय ग्रामपंचायतीतून उठू नका.

काम मिळाल्यावर गोची दोन ठिकाणी होते. एक मोजमापात. ठरलेला पूर्ण दर पडतो तो पूर्ण माप भरले तर. कठीण मुरूम खणला आणि मोजमाप पुस्तिकेत नरम माती लिहिली गेली, की मजुरी तिथेच घसरते. माप घेताना गटातल्या एकाने तरी टेपाजवळ उभे राहावे. दुसरी गोची बँकेत. ‘आधार लिंक आहे’ एवढे पुरत नाही. थेट जमा होणारा पैसा आधारशी शेवटच्या जोडलेल्या खात्यात जातो. दुसऱ्या बँकेत नवे खाते उघडताना हो म्हटले असेल, तर जुने पासबुक कोरेच राहते आणि मजुरी त्या विसरलेल्या खात्यात पडून असते. लाडक्या बहिणींचे हप्तेही याच खाचेत अडकले. आधारवरून पैसा कोणत्या खात्यात जायचा याची नोंद एनपीसीआय ही यंत्रणा ठेवते. म्हणून बँकेत विचारताना शब्द वापरा, ‘एनपीसीआयला माझे कोणते खाते जोडलेले आहे?’